हातांचे शिक्षण : कमलाबाई निंबकर

जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री असे जे डोंगर आहेत, त्यांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील शिलालेखांत तीन दाते असे सापडतात की, जे स्वतःस 'यवन' म्हणवितात. चिट, इरिल आणि चंद ही त्यांची नावे होत. नाणेघाट चढून किंवा दुसऱ्या कोणत्या वाटेने, व्यापारासाठी वा अन्य काही निमित्ताने ही माणसे ह्या प्रदेशात आली आणि ह्या भूमीला काहीतरी देऊन गेली. त्यांनी काय दिले हे पाहण्यासारखे आहे. एकाने भोजनमंडप दिला. दुसऱ्याने पाण्याच्या दोन पोढी खोदविल्या. तिसऱ्याने लेण्याचे गर्भद्वार करविले. म्हणजे तिघांपैकी दोघांनी भिक्षूंच्या अन्नाची आणि पाण्याची सोय पाहिली. माणूस जेवतो कोठे आणि पाणी पितो कशाने, ह्या अगदी साध्या प्रश्नाकडे परक्या देशातून आलेल्या ह्या दात्यांचे लक्ष गेले, आणि त्या दानाची नोंद अठराशे वर्षांनंतरही दगडात शाबूत आहे.

आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे त्याही दूर देशातून महाराष्ट्रात आल्या, आणि त्यांनी दिलेले दानही ह्याच जातीचे आहे. पांगळ्या झालेल्या मुलाने आपला घास आपल्या हाताने तोंडात घालावा, पाण्याचा पेला आपणच उचलावा, सदऱ्याच्या गुंड्या आपणच लावाव्यात, ह्यासाठी एक नवी विद्या त्यांनी ह्या देशात आणली, रुजविली, आणि ती शिकविणारी माणसे येथेच तयार केली. त्यांचे नाव कमलाबाई निंबकर. जन्मनाव एलिझाबेथ लंडी.

त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर घराण्यात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक लहानसा पंथ. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने तो चालू केला. त्यांच्यात पुष्कळ ठिकाणी धर्मोपदेशक नाही, प्रतिमा नाही, थाटमाट नाही. सभेत सर्व मंडळी शांत बसतात, आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, मग तो माणूस राजा असो, कैदी असो वा वेडा असो, ही त्यांची मूळ श्रद्धा. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत, तुरुंगांच्या सुधारणेत आणि वेड्यांच्या शुश्रूषेत ह्या चिमुकल्या पंथाची माणसे नेहमी पुढे दिसतात याचे कारण हेच. कमलाबाईंच्या पुढील कार्याचे बीज येथे आहे असे मला वाटते. मात्र धर्मप्रसारासाठी त्या हिंदुस्थानात आलेल्या नव्हत्या, हे प्रथमच सांगून टाकतो. त्या आल्या लग्न करून.

विष्णुपंत निंबकर ह्यांच्याशी विवाह करून १९३० च्या सुमारास त्या ह्या देशात आल्या आणि कमला झाल्या. आज हे वाक्य सहज उच्चारता येते. त्या वेळी त्याची किंमत काय होती ते सांगितले पाहिजे. भगतसिंग थिंद ह्या हिंदी गृहस्थाच्या खटल्यात अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने १९२३ साली असा निर्णय दिला होता की, हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिक होता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या कायद्यात एक कलम होते : जी अमेरिकन स्त्री अशा अपात्र परकीयाशी लग्न करील, तिचे स्वतःचे नागरिकत्व जाईल. ही तरतूद १९३१ साली रद्द झाली. म्हणजे १९३० साली हिंदी माणसाचा हात धरणाऱ्या अमेरिकन तरुणीला, स्वतःच्या जन्मभूमीत आपण कायद्याने परक्या ठरू, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे लागे. आणि ती येत होती कोठे? मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षी गोऱ्या कातडीकडे पाहण्याची आपल्या लोकांची दृष्टीही फारशी स्निग्ध नव्हती.

अशा चरित्रांत 'त्याग' हा शब्द लगेच धावून येतो. मला तो येथे वापरवत नाही. त्याग म्हटले की पाहणारा हात जोडून मोकळा होतो, आणि त्या माणसाने प्रत्यक्ष काय केले याची चौकशी संपते. कमलाबाईंच्या बाबतीत चौकशी करण्यासारखेच पुष्कळ आहे.

अपंग मुलांच्या शिक्षणात परदेशी माणसांनी मुंबईत हात घातला तो त्यांच्या किती तरी आधी. मुक्याबहिऱ्या मुलांची मुंबईतील पहिली शाळा बिशप लिओ मॉयरिन ह्या जर्मन जेझुइट धर्मगुरूच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निघाली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांत काही आंधळी होती. त्यांच्यासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी १९०० साली शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. त्याच दुष्काळाच्या सुमारास केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध मुलींना बोटांनी वाचण्यास शिकविण्याचे काम सुरू झाले. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ती ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. ह्या कामांत धर्मप्रसाराचा हेतू मिसळलेला होता हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तेवढ्यावरून त्या कामाचे मोल शून्य ठरविणे हेही शहाणपणाचे नाही. आंधळ्या मुलीच्या बोटाखाली अक्षर आले, ही गोष्ट कोणत्याही हेतूपेक्षा मोठी आहे.

पण ह्या शाळा निघाल्या त्या आंधळ्यांसाठी आणि मुक्याबहिऱ्यांसाठी. ज्याचे डोळे आणि कान धड आहेत, बुद्धी उत्तम आहे, परंतु पाय उचलत नाही किंवा हात वळत नाही, अशा मुलाचे काय? आणि ज्याचे हातपाय धड आहेत परंतु बुद्धीची वाढ मंद आहे, त्याचे काय? ह्या दोन प्रश्नांना मुंबईत उत्तर मिळू लागले ते १९४० नंतर, आणि तेही आईबापांच्या पोटतिडिकेतून. आपल्या कन्येसाठी वकील दांपत्याने १९४४ साली जी शाळा काढली ती जय वकील शाळा. फातिमा इस्माईल ह्यांच्या मुलीस पोलिओ झाला. तिच्या उपचारासाठी पायपीट केलेल्या ह्या मातेने १९४७ साली मुंबईत पांगळ्या मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले आणि त्यातून पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. एकीकडे धर्मसंस्था, दुसरीकडे दुःखी आईबाप. ह्यांच्यामध्ये जी तिसरी जागा रिकामी होती ती शिक्षकाची. म्हणजे अशा मुलाला कसे शिकवावे याचे शास्त्र जाणणाऱ्या आणि ते दुसऱ्यांना शिकविणाऱ्या माणसाची. ती जागा कमलाबाईंनी घेतली.

त्या प्रथम शिक्षिकाच होत्या. मुंबईत आल्यानंतर मुलांच्या शिक्षणाच्या कामात त्यांची बरीच वर्षे गेली. तो काळही तसा होता. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला होता. गिजुभाई आणि ताराबाई मोडक ह्यांच्या लेखनाने सुशिक्षित घरांत बालशिक्षणाची चर्चा होऊ लागली होती. १९३९ साली स्वतः माँटेसोरीबाई मद्रासला आल्या. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या माँटेसोरी पद्धतीने आपली धडधाकट मुले ठोकळे रचतात आणि मणी मोजतात, ती मुळात धडधाकट मुलांसाठी निघालेलीच नाही. पॅरिसमध्ये इटार्ड ह्या वैद्याने रानात सापडलेल्या एका मुक्या मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला. त्याचा शिष्य सेगँ ह्याने मंदबुद्धी मुलांसाठी हातांनी हाताळावयाची साधने तयार केली. तो सेगँ १८५० साली फ्रान्स सोडून अमेरिकेत स्थायिक झाला आणि तेथे ह्या विषयाचा गुरू ठरला. माँटेसोरीबाईंनी सेगँची पुस्तके वाचून रोममधील अशाच मुलांवर ती साधने वापरून पाहिली, आणि मग १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले. ज्यांना जगाने टाकाऊ ठरविले त्या मुलांना शिकविताना जे सापडले, त्यावर आज चांगल्या घरची मुले शिकत आहेत. अपंग मुलांचे शिक्षण म्हणजे शिक्षणाच्या अंगणाबाहेरची काही दयाधर्माची ओसरी, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कमलाबाईंची पंचेचाळिशी उलटली होती. आपल्याकडे त्या वयात बायका सुनेचे तोंड पाहण्याच्या गोष्टी बोलत. ह्या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्या अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या विद्यालयात एक नवी विद्या शिकल्या. तिला आपण मराठीत व्यवसायोपचार म्हणतो. शब्द फार सुखाचा नाही. 'व्यवसाय' म्हटले की आपल्याला दुकान आणि वखार आठवते, आणि हा उपचार बेकारांवर करावयाचा असतो की काय अशी शंका येते. वस्तुतः माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ते सर्व त्याचे व्यवसायच होत : दात घासणे, जेवणे, शाळेत जाणे, लिहिणे, स्वयंपाक करणे, पोटासाठी कष्ट करणे. आणि मुलाचा व्यवसाय कोणता? तर खेळणे. आजारामुळे किंवा जन्मतःच ह्या व्यवसायांत जी अडचण आली असेल, ती त्याच व्यवसायांच्या द्वारा दूर करावयाची, किंवा दूर होत नसेल तर तिला वळसा घालून जाण्याची वाट शोधावयाची, हे ह्या विद्येचे सूत्र.

ह्या सूत्राचा एक उगम क्वेकरांच्याच घरात आहे. इंग्लंडात यॉर्क येथे विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली वेड्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले. वेड्यांना साखळदंडाने बांधून ठेवण्याचा तो काळ. ट्यूकने साखळ्या टाळल्या आणि त्यांना बागकाम, शिवण, घरकाम अशी कामे दिली. कामात गुंतलेले मन सावरते, हा त्याचा अनुभव. पुढे अमेरिकेत १९१७ साली ह्या विद्येची पहिली संस्था स्थापन झाली, आणि दोन महायुद्धांतून परत आलेल्या जायबंदी सैनिकांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. कमलाबाई ती शिकल्या त्या वेळी ही विद्या वेड्यांच्या बागेतून निघून रुग्णालयाच्या मुख्य इमारतीत आलेली होती.

ही विद्या प्रत्यक्ष चालते कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण त्यावाचून कमलाबाईंनी काय आणले ते कळणार नाही.

पोलिओ झालेले पाच-सहा वर्षांचे मूल घ्या. पोलिओचे विष पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या त्या पेशींवर घाला घालते की, ज्या स्नायूंना हालण्याचा हुकूम देतात. स्पर्श कळतो, दुखते तेही कळते. फक्त स्नायू ऐकत नाही. ज्या स्नायूला थोडी तरी शक्ती उरली आहे त्याला कामाला लावले पाहिजे, नाही तर तो वाळत जातो. आणि अतिश्रम दिले तर तो थकून आणखी बिघडतो. म्हणून काम मोजून द्यावयाचे. खांदा उचलत नसेल तर वरून टांगलेल्या झोळीत हात ठेवतात. हाताचे वजन झोळी पेलते, आणि मग तेच मूल समोरच्या पाटीवर रंग ओढू शकते. आज रंग, पुढच्या आठवड्यात पाटी थोडी उंच, मग झोळी काढून घ्यावयाची. बोटांत जोर आणावयाचा असेल तर प्रथम मऊ माती, मग घट्ट माती, मग कणीक. मनगटासाठी हातमाग : धोटा फेकताना मनगट, फणी ओढताना खांदा, पावडी दाबताना पाय. पायाने चालविण्याच्या करवतीवर लाकडाचा हत्ती कापताना मुलाला हत्ती दिसतो, शिकविणारीला गुडघ्याचा स्नायू दिसतो. नुसती कवाईत मुलाला कंटाळवाणी होते, आणि कंटाळलेले मूल शंभर वेळा पाय हालविणार नाही. हत्ती पुरा करण्यासाठी मात्र ते हजार वेळा हालवील. जी शक्ती परत येणार नाही तिच्यासाठी साधने : चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड केला की न मिटणारी मूठही तो धरू शकते, गुंडीच्या जागी आकडा लावला की सदरा एका हाताने चढतो.

आता ह्या विद्येची अमेरिकेत लिहिलेली पुस्तके जशीच्या तशी परळला आणून चालण्यासारखी नव्हती, हे कोणाच्याही ध्यानात येईल. अमेरिकेतील मूल खुर्चीवर बसून काट्याचमच्याने जेवते. आपले मूल पाटावर बसते, भाकरी एका हाताने मोडते आणि पाचही बोटांनी कालवून खाते. भाकरी मोडण्याला जी बोटांची कसरत लागते तिच्यासाठी परदेशी ग्रंथात प्रकरण नाही. शौचाला उकिडवे बसणे, विहिरीचे पाणी शेंदणे, चुलीपुढे वाकून बसणे, जिन्याशेजारी कठडाच नसणे हे आमचे प्रश्न. तेव्हा ही विद्या येथे शिकवावयाची तर येथल्या घरात काय चालते ते ठाऊक असलेल्या मुलामुलींनाच ती शिकविली पाहिजे. परदेशातून तज्ज्ञ मागविण्याची जुनी रीत कमलाबाईंनी स्वीकारली नाही, आणि माझ्या मते हेच त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म आहे.

१९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील अशा प्रकारचे हे पहिलेच विद्यालय म्हणून ओळखले जाते. जागेचे औचित्य पाहण्यासारखे आहे. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली उघडले, तेव्हा देणगीदारांची अटच होती की, येथील अध्यापक हिंदी असावेत. राष्ट्रीय स्वाभिमानातून निघालेल्या त्या वास्तूत जन्माने अमेरिकन असलेली एक बाई आली आणि हिंदी शिक्षक तयार करू लागली.

ह्यात एक अडचण अशी होती की, तिची वाच्यता सहसा होत नाही. ह्या अभ्यासक्रमात शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या जोडीला सुतारकाम, विणकाम, वेतकाम, मातीकाम शिकावे लागे. आपल्या समाजात हातांची कामे जातींना वाटून दिलेली. माग कोष्ट्याचा, रंधा सुताराचा, चाक कुंभाराचे, आणि पांढरपेशा माणसाचा हात लेखणीपुरता. डॉक्टरकी शिकण्यास मुलगी पाठविली तर बापाची मान ताठ होई. पण रुग्णालयात जाऊन टोपल्या विणण्यास शिकावयाचे, हे काय शिक्षण झाले? दुसऱ्या बाजूने रोग्याच्या नातेवाइकांनाही चमत्कारिक वाटणारच : मूल आणले औषधासाठी, आणि येथे त्याला खेळ खेळावयास देतात! बाटलीतले औषध नाही, सुई नाही, तर मग उपचार कसला? हाताच्या कामाविषयीची ही तुच्छता आणि औषधाविषयीची ही श्रद्धा, अशा दोन्ही भिंतींना ह्या विद्येने एकदम धडक दिली. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेल्या शिक्षणयोजनेतही हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया धरलेला होता. तेथेही सुशिक्षितांची नाके मुरडली गेलीच होती. गांधीजींनी चरख्यातून गावाकडे पाहिले. कमलाबाईंच्या विद्येने मागातून एका मुलाच्या एका खांद्याकडे पाहिले. पण हाताला काम मिळाले की माणूस सावरतो, ह्याविषयी दोघांचे एकमत झाले असते.

पुढील प्रगती वेगाने झाली, ती थोडक्यात सांगतो. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन झाला. कमलाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा. त्याच वर्षी ह्या विद्येचा जागतिक महासंघ निघाला, आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, स्वीडन ह्यांच्या शेजारी भारताचे नाव बसले. ज्या देशात ही विद्या शिकविणारे विद्यालय निघून जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्याला हे आसन मिळाले, ह्यात एका व्यक्तीच्या उद्योगाचा वाटा किती असेल याचा तर्क श्रोत्यांनी करावा. १९५८ च्या सुमारास नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे विद्यालय सुरू झाले. आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक त्या चालवीत. आरंभी पदविकेपुरता असलेला हा अभ्यासक्रम पुढे पदवीचा झाला.

येथपर्यंत ही यशाची कथा आहे. परंतु इतिहास सांगावयाचा तर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि त्यासाठी मला पुन्हा सह्याद्रीच्या घाटमाथ्याकडे वळावे लागेल. परळचे विद्यालय ज्या वर्षी निघाले त्या वर्षी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एखाद्या महादेव कोळ्याच्या मुलास ताप येऊन त्याचा पाय लुळा पडला असता, तर त्याने काय केले असते? भीमाशंकरच्या बाजूची ती डोंगरी गावे. पावसाळ्यात ओढे भरले की शेजारच्या वाडीलाही जाणे कठीण. घोडनदीचे खोरे उतरून घोडेगाव, तेथून मंचर, मंचरहून पुणे, आणि पुण्याहून रेल्वेने मुंबई. जुन्नरकराला माळशेजचा घाट होता, पण पाठीवर पांगळे मूल घेतलेल्या बापाला तोही घाटच. आणि हा उपचार एका फेरीत होणारा नव्हे. महिनोन् महिने रोज यावयास हवे. तेव्हा मुंबईच्या रुग्णालयातील हातमाग त्या मुलाच्या दृष्टीने असून नसल्यासारखा होता. ते मूल हातावर घसटत वाढले, आणि गावाने त्याला त्याच्या व्यंगाचे नाव ठेवले. आपल्या खेड्यांत 'लंगड्या' आणि 'पांगळ्या' ही नावे माणसाच्या मूळ नावाला कशी पुसून टाकीत, हे जुन्या पिढीतील प्रत्येकाने ऐकले आहे.

ह्याचा दोष कमलाबाईंना देता येणार नाही. शिकविणारी माणसे आधी तयार झाल्यावाचून ती गावोगावी जाणार कोठून? तरीही शहरात तयार झालेली माणसे शहरातच राहिली, काही तर कायमची परदेशी गेली, आणि ज्या देशातून ही विद्या आली त्याच देशाकडे तिचे विद्यार्थी परत वाहू लागले, हा विपर्यास नोंदवून ठेवण्यासारखा आहे. रुग्णालयाची वाट न पाहता गावातीलच आईबाप, शिक्षक, सुतार यांना हाताशी धरून तेथल्या तेथे मुलाला उभे करावे, हा विचार जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ नंतरच्या काळात पुढे आणला. बांबूच्या दोन समांतर दांड्या अंगणात रोवल्या की चालण्याचा सराव होतो. जुन्या टायरचे आणि लाकडाचे साधन गावचा सुतार करू शकतो. हे तत्त्व व्यवसायोपचाराच्या मुळाशी होतेच. गावापर्यंत पोचण्यास त्याला फार वर्षे लागली. आंबेगाव तालुक्याला ज्याने नाव दिले ते मूळ गाव तोपर्यंत डिंभे धरणाच्या पाण्याखाली जाण्याच्या मार्गाला लागले होते.

दरम्यान रोगही बदलले. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये हा प्रदेश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. ज्या मुलांसाठी परळच्या त्या झोळ्या टांगल्या होत्या तशी मुले आता जन्मत नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांची जागा दुसऱ्या मुलांनी घेतली. जन्माच्या वेळी मेंदूस इजा झाल्याने ज्यांचे स्नायू ताठरलेले आहेत, जी आपल्यातच हरवलेली असतात, ज्यांना अक्षरे वाचणे जड जाते, अशा मुलांसाठी आज शहरांतून केंद्रे दिसतात. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर ह्यांनी मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी शाळा काढली. अशा कोणत्याही शाळेला जी शिकविणारी, हात धरून हात वळविणारी माणसे लागतात, ती काही आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी त्यांची पहिली तुकडी कोठेतरी शिकविलेली असते. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, २०१६ साली त्याहून व्यापक कायदा होऊन त्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वाची गणना झाली. शब्दही बदलत गेले : पांगळा, मग अपंग, मग विकलांग, आता दिव्यांग. शब्द सुधारला याचा मला आनंदच आहे; पण शाळेच्या पायरीला उतार बांधलेला नसेल, तर नवा शब्दही जुन्या शब्दासारखाच पायरीखाली बसून राहतो.

कमलाबाई १९७९ साली वारल्या. भारतातील पुनर्वसनकार्याचा आणि व्यवसायोपचाराचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला आहे. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर ह्यांनी फलटणला शेती आणि पशुपालन यांच्या संशोधनाची संस्था १९६८ साली काढली. स्नुषा जाई निंबकर ह्या इंग्रजी लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. म्हणजे फिलाडेल्फियाच्या विद्येचे हे घर शेवटी महर्षी कर्व्यांच्या घराशी जोडले गेले.

फलटणलाच आणखी एक अमेरिकन बाई येऊन राहिली होती. मॅक्सीन बर्नसन हे तिचे नाव. १९६१ साली ती भारतात आली, मराठी भाषेचा अभ्यास तिने केला, आणि १९७८ साली ती भारताची नागरिक झाली. एलिझाबेथ लंडीच्या पिढीला जे पान कायद्याने भरून द्यावे लागे, ते हिने स्वतः मागून घेतले. वस्तीतील जी मुले वर्षानुवर्षे शाळेत बसूनही वाचू शकत नव्हती, ज्यांना शिक्षकांनी 'ढ' म्हणून मागल्या बाकावर बसविले होते, त्यांना मराठी वाचावयास शिकविण्यापासून तिचे काम सुरू झाले. ती मुले मंद नव्हती. त्यांना शिकविण्याची रीत चुकत होती. पुढे तिच्या प्रगत शिक्षण संस्थेने फलटणमध्ये मराठी माध्यमाची शाळा काढली. तेथे डॉक्टरांची आणि हमालांची मुले एका वर्गात बसतात. त्या शाळेचे नाव कमला निंबकर बालभवन.